नखावरचा पांढरा

आमच्या खळ्यात उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट बघितलं की अजूनही मी नजर वळवते. गाडी पांढरी आहे. बॉनेट पांढरं नाही. येणारेजाणारे विचारतात, हसतात, कोणी म्हणतं दोन गाड्यांची एक केलीत की काय. मी काही बोलत नाही, कारण सांगायला बसले तर सगळंच सांगावं लागेल आणि ते सांगताना माझा आवाज चढतो. इथे लिहिताना तरी तो ताब्यात ठेवते.

बाबांपासून सुरुवात करायला हवी. शहापूरजवळ महामार्गाला लागून ट्रकच्या बॉड्या बांधायची एक मोठी शेड होती, तिथे बाबांनी उमेदीची सारी वर्षं रंग मारण्यात घालवली. ट्रकचं एखादं दार बदललं की नव्या दाराचा रंग जुन्या बॉडीशी जुळवायचं काम त्यांचं. बाकीचे रंगारी पुठ्ठ्यावर रंग लावून बघत. बाबा डाव्या अंगठ्याच्या नखावर एक थेंब घेत, अंगठा पत्र्याला टेकवत आणि डोळे बारीक करून बघत. नख कुठे संपतं आणि पत्रा कुठे सुरू होतो हे कळेनासं झालं की रंग जुळला. पुढे शेडमध्ये रंग मिसळायचं मशीन आलं, तरी मशीनमधून निघालेला डबा मालक आधी बाबांसमोर ठेवायचे. लहानपणी संध्याकाळी ते घरी आले की मी आधी त्यांचा अंगठा बघायचे. आज कुठला ट्रक होता ते त्यावरून कळायचं.

पांढऱ्यावर त्यांचा विशेष राग. "पांढरा लय खोटा रंग," म्हणायचे. "लाल चुकला तर कोनालाबी दिसतो. पांढरा चुकलेला बघायला नजर लागते." आणि ती नजर आपल्याकडे आहे हे ते न बोलता सांगायचे, मिशीतून.

शेड सुटल्यावर त्यांनी जुनी पांढरी गाडी घेतली, ती माझ्या लेकीसाठी. नवऱ्याचं आणि माझं पटलं नाही. लेक दोन वर्षांची होती तेव्हा मी तिला घेऊन माहेरी आले, ती इथलीच झाले. आमचं गाव डोळखांबच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. मी शहापूरला एका वकिलाकडे टायपिंगचं काम करते, त्यामुळे पहाटेची पहिली एसटी पकडावी लागते. लेकीची शाळा किन्हवलीत आणि भरते आठला. तेव्हा तिला सकाळी सोडायचं आणि दुपारी आणायचं काम बाबांकडे आलं. रस्ता वळणांचा, दोन ठिकाणी ओढ्यावरचे अरुंद पूल, आणि जनावरं रस्त्यातच बसणारी. पण गाडी बाबा चालवत होते, म्हणून मला कधी काळजी वाटली नाही.

आईही रोज त्यांच्यासोबत जायची. पुढच्या सीटवर बसून, डोक्यावरून पदर घेऊन. कधी भाजी आणायची असायची, कधी दळण, कधी नुसतंच. मी चेष्टा करायचे, "महाराणीला रोज फेरी लागते." ती हसायची आणि म्हणायची, "तुज्या बापाला बोलायला कोन नको?" मला ते पटायचं. आई बडबडी आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

लेकीचा एक खेळ होता. शेजारच्या मुलीला घेऊन ओटीवर बसायची. एक जण ताटली धरून गाडी चालवायची आणि दुसरी शेजारी बसून सांगायची, "डावीकडं म्हैस. पुढं खड्डा. हळू, हळू. टेम्पो येतोय, थांबा. हां, चला आता." मला वाटायचं, मोबाइल रस्ता सांगतो त्याची नक्कल चाललीय. मी एकदा त्याचा व्हिडिओ काढून ऑफिसात सगळ्यांना दाखवला होता. सगळे हसले होते, मीही हसले होते.

गेल्या वर्षी होळीच्या थोडं आधी मुरबाडकडच्या माझ्या मावशीचे यजमान वारले. आई तिकडे निघाली, दहावा होईपर्यंत राहणार होती. निघताना पिशवी खांद्याला लावून ती ओटीवर घुटमळली आणि म्हणाली, "मी येईपर्यंत पोरीला शाळेला नको धाडू."

"का म्हणून?" मी विचारलं.

"असंच. दुखवटा हाय घरात."

"दुखवटा मावशीच्या घरात आहे. तिची चाचणी परीक्षा आहे इथे." मी तेव्हा डबा भरत होते, एसटीची वेळ झाली होती आणि माझं डोकं तापलं होतं. "तुझ्या सोयऱ्यांसाठी माझ्या मुलीनं नापास व्हायचं का?"

आईनं बाबांकडे एकदा बघितलं आणि गेली. मी पोरीला शाळेत पाठवलं. माझ्या हट्टानं पाठवलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

चौथ्या दिवशी सकाळी मी टायपिंग करत असताना बाबांचा फोन आला. लेकीला शाळेत सोडून परत येताना रेडा आडवा आला, गाडी ठोकली, म्हणाले. मला काही झालं नाही, बॉनेट तेवढं गेलं.  मी तीनदा विचारलं, पोरगी गाडीत होती का. नव्हती. मग मी त्यांना रागावले, रेड्याच्या मालकाला शिव्या दिल्या आणि संध्याकाळी घरी येऊन बघितलं. बॉनेट मधोमध उभं राहिलं होतं, घडी घालताना अर्ध्यात सोडलेल्या चादरीसारखं.

आई दुसऱ्याच दिवशी परत आली, दहाव्याचीही वाट न बघता. गाडी बघितली आणि ओटीच्या पायरीवर बसली. तिनं रेड्याबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पोर नव्हती ना गो?"

बाकीच्या गाडीला फारसं काही झालं नव्हतं. बाबांनी मेकॅनिक आणून आतलं सगळं ठीक करून घेतलं आणि भिवंडीच्या भंगार बाजारातून त्याच गाडीचं दुसरं बॉनेट टेम्पोतून मागवलं. ते निळं होतं. मेकॅनिक म्हणाला, किन्हवलीत एक जण रंगवून देईल. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो हत्यारं गोळा करायला लागला.

"माज्या गाडीला दुसरा रंग मारनार?" बाबा म्हणाले. "मग मी काय जीव दिला काय?"

जुनं बॉनेट आम्ही गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. एका संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना माझं लक्ष त्याच्या पुढच्या कडेकडे गेलं. वीतभर लांब लाल पट्टा होता. लाल रंग, पत्र्याला पत्रा घासल्यावर उतरतो तसा. आणि खालच्या फटीत भाताच्या पेंढ्याची काडी अडकली होती. मी बाबांना विचारलं, "रेडा लाल होता का हो?"

"आधीचा आसंल तो," ते म्हणाले.

मी रंगाऱ्याची मुलगी. रंग कसा चढतो, कसा उतरतो हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. तरी मी ते सोडून दिलं. भात उतू जात होता, हे कारण. नाहीतर मनातून मला विचारायचंच नव्हतं.

रंगाचा दिवस रविवार ठरला, आणि त्या एका बॉनेटसाठी बाबांनी निम्मं गाव कामाला लावलं. त्या दिवसांत आमच्याकडे राब भाजतात, पालापाचोळा नि शेण शेतात पसरून पेटवतात. काळी राख उडते आणि ओल्या रंगावर बसली की संपलंच. बाबा शेजारच्या काकांकडे जाऊन त्यांचा राब एक दिवस पुढे ढकलून आले. चार दिवस ते पत्र्यावर पाणी मारून पॉलिश पेपर घासत बसले. निळा उतरला, खालचा राखाडी निघाला. खळग्यांत लांबीचा लगदा भरला, पुन्हा घासलं. तळहात फिरवून बघायचे. हात पत्र्यावरून जाताना त्यांचे डोळे मिटलेले असायचे. मी ते बघून मनात म्हटलं, काय कारागीर आहे माझा बाप.

रविवारी उजाडताच आईनं खळं सारवलं. धूळ उठू नये म्हणून. ओलसर शेणानं धूळ धरून ठेवली जाते, हे तिनं बाबांच्याच कामासाठी शोधून काढलेलं, पूर्वीपासून. चार बांबू रोवून आम्ही जुन्या साड्यांचा आडोसा केला, पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणला. बॉनेट दोन स्टुलांवर ठेवलं. बाबांनी डोक्याला पंचा बांधला आणि पांढऱ्याचा डबा उघडला.

मग ती मिसळणी. उन्हात राहून गाडीचा पांढरा थोडा पिवळटतो, म्हणून ताज्या पांढऱ्यात पिवळ्याचे एकदोन थेंब आणि काळ्याचा अगदी एक टाकावा लागतो. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाबांनी पिवळ्याची बाटली तिरपी केली. एक थेंब, ढवळलं, नखावर घेतलं, गाडीच्या बाजूच्या पत्र्याला अंगठा टेकवला. मान हलवली. अजून एक थेंब. पुन्हा नख, पुन्हा मान. अजून एक. मी मोजणं सोडून दिलं. डबा आता पांढरा राहिला नव्हता, त्यात हळद घातलेल्या दुधाचा रंग आला होता.

मी आईकडे बघितलं. आई डब्याकडे बघत होती आणि तिच्या हातातलं फडकं तिनं घट्ट पिळून धरलं होतं.

"आवो," ती हळूच म्हणाली, "जरा पिवळा नाय का वाटत?"

बाबा वरही न बघता म्हणाले, "उनाचा पिवळा हाय तो. तुला काय कळतंय त्यातलं?"

आई मागे सरली.  बाबांना रंगातलं सांगायचं म्हणजे भटजीला मंत्र शिकवण्यासारखं. मला वाटलं, वाळल्यावर बदलत असेल. वाटलं, हा पहिला हात असेल, वरून दुसरा येईल. माणूस किती कारणं शोधतो.

त्यांनी गन हातात घेतली आणि रंग मारला. मी इतका सुंदर हात पुन्हा कधी बघितला नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा, कुठे ओघळ नाही, कुठे दाणा नाही. तीन हात मारले, मध्ये वाळू दिलं, वर लॅकर मारलं. दुपारपर्यंत पत्रा आरशासारखा झाला. साड्यांचा आडोसा त्यात दिसत होता. आणि तो सगळा आरसा पिवळा होता.

दुसऱ्या दिवशी, होळीची सुट्टी होती, मेकॅनिकनं येऊन बॉनेट बसवलं. त्यानं बोल्ट आवळताना एकदा माझ्याकडे बघितलं आणि हत्यारं गोळा करून निघून गेला. गाडी उन्हात उभी होती. बाकी पांढरी, तोंड पिवळं. बाबा दहा पावलं मागे गेले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "बघ. सांग आता कुठलं बदललंय."

मी हसले. खरंच हसले, मला ती थट्टा वाटली. मग मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर थट्टा नव्हती. शेडमधून रंग जुळवून आल्यावर जे समाधान असायचं ते होतं.

माझं हसू तिथेच थिजलं.  मी जवळ गेले आणि त्यांचा डावा हात धरला. अंगठ्याच्या नखावर कालचा थेंब वाळून बसला होता. तो अंगठा मी गाडीच्या दारावर टेकवला. पांढऱ्या दारावर पिवळं नख. इतकं वेगळं की लहान मुलानंही बोट ठेवलं असतं.

"बाबा, फरक दिसतोय?"

त्यांनी डोळे बारीक केले. मान पुढे नेली. बराच वेळ बघितलं. "कुठं फरक?" ते म्हणाले. "एक हाय."

मी त्यांचा हात सोडला. माझ्या मनात एकामागून एक गोष्टी यायला लागल्या आणि मला त्या थांबवता येईनात. लाल पट्टा. पेंढ्याची काडी. पेंढा भरलेली लाल ट्रॉली, रस्त्याच्या कडेला उभी. रेडा नव्हताच. दिवसाढवळ्या, उन्हात उभी असलेली, घराएवढी ट्रॉली त्यांना दिसली नव्हती. आणि ओटीवरून लेकीचा आवाज येत होता, ती शेजारच्या मुलीबरोबर तोच खेळ खेळत होती. "डावीकडं म्हैस. पुढं खड्डा. हळू, हळू."

मी आईकडे वळले. "तू रोज गाडीत का बसतेस?"

आईनं पदर तोंडाला लावला.

"आई, मी विचारतेय. रोज का बसतेस?"

"दोन पावसाळं झालं," ती म्हणाली. "आधी पूल जवळ आला तरी हळू करत नव्हते. मी घाबरून बोलले, पूल आला. मग रोज बोलायला लागले. म्हैस हाय, मानूस हाय, गाडी येते. मी आपली बडबड करते असंच दाखवायचं. त्यांनी मला कधी विचारलं नाय, मी कधी सांगितलं नाय."

"आणि मला?"

"तू पोरीची शाळा बंद केली असतीस. मग हे काय करनार होते घरात बसून?"

मला ओरडायचं होतं.  दोन वर्षं. दोन वर्षं माझी मुलगी रोज त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून त्या रस्त्यानं गेली, चालवणारा माणूस शेजारी बसलेल्या आईच्या बडबडीवर चाललेला. आणि मी एसटीत खिडकीला डोकं टेकवून निवांत झोपत होते. तेवढ्यात माझ्या डोक्यात शेवटची गोष्ट आली, आणि मी ओटीकडे जाऊन लेकीसमोर बसले. ताटली तिच्याच हातात होती.

"आजी मावशीआजीकडे गेली होती ना, तेव्हा गाडीत तू कुठे बसायचीस?"

"पुढं," ती म्हणाली.

"का?"

"आजी नव्हती ना. मग आजोबांना रस्ता कोण सांगणार? मी सांगत होते. मला सगळं येतं." तिला त्याचा अभिमान होता. "येताना मात्र मी नव्हते. म्हणून आजोबा आपटले."

ती आठ वर्षांची होती. मी तिला जवळ ओढलं आणि मला रडू कोसळलं. ती मात्र ताटली वाकडी होईल म्हणून माझ्यावरच चिडली.

बाबा गाडीपाशी तसेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी उठले, गाडीची किल्ली त्यांच्या खिशातून काढून घेतली आणि घरात जाऊन तांदळाच्या पिंपात खोल खुपसली. बाहेर येऊन मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. बापाला कोणी असं बोलू नये आणि मी बोलले.  ते फक्त पुन्हा पुन्हा आपला अंगठा दाराला लावून बघत होते, एकदा बॉनेटला, एकदा दाराला.

त्या संध्याकाळी गावची होळी पेटली. आमच्या घरातून कोणी गेलं नाही.

कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं. मोतीबिंदू, दोन्हीकडे, पार पिकलेला. "हे एकटे फिरत कसे होते?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, एकटे फिरत नव्हते, गाडी चालवत होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. मग त्यांनी समजावून सांगितलं. असा मोतीबिंदू हळूहळू सगळ्या जगावर पिवळसर काच चढवतो, माणसाला पत्ताच लागत नाही. पांढरं आणि पिवळं त्याला एकच दिसतं.

मला तेव्हा ती मिसळणी आठवली. ताज्या पांढऱ्यात पिवळा उतरलेला दिसला की मगच नखावरची जुळणी धरायची, ही त्यांची जन्माची पद्धत. त्यांना तो पिवळा दिसतच नव्हता, म्हणून ते थेंब टाकत राहिले. पद्धत बरोबर होती. हात बरोबर होता. एवढ्या मोठ्या कारागिराला नेमकं त्याच्याच कामानं पकडून दिलं, आणि मला ते पकडायला दोन वर्षं आणि एक बॉनेट लागलं.

परतीच्या वाटेवर मी आईला विचारलं, "रस्ता सांगत होतीस, मग त्या दिवशी रंग का नाही नीट सांगितलास?"

आई म्हणाली, "रस्ता सांगनं वेगळं. रंग त्यांचा हाय."

ऑपरेशन एकेका डोळ्याचं झालं. मधल्या काळात मुलगी शेजारच्या काकूंबरोबर जीपनं शाळेत गेली आणि गाडी आंब्याखाली ताडपत्री घालून उभी राहिली. बाबा ओटीवर काळा चष्मा लावून बसायचे. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. चहा ठेवू का. औषध घातलं का. माझा राग उतरत नव्हता, आणि राग उतरला तर खाली काय आहे याची मला भीती वाटत होती. पोरीला मीच पाठवलं होतं, आई नको म्हणत असताना.

दुसऱ्या डोळ्यानंतर चष्मा काढायची परवानगी मिळाली तो वैशाखातला दिवस. बाबा सकाळी अंगणात उतरले. आधी डोंगराकडे बघितलं. मग खळ्याकडे, मग आईच्या डोक्याकडे. "तुजं केस एवढं पिकलं कवा?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "बघा, नजर आली तशी पहिली खोड काढली." आणि आम्ही तिघंही बऱ्याच दिवसांनी हसलो.

मग ते आंब्याखाली गेले. मी म्हटलं, "बाबा, राहू द्या आज." त्यांनी ऐकलं नाही. ताडपत्रीची दोरी सोडली आणि ती पुढून मागे ओढली.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. इतका घाबरलेला माझा बाप मी कधी बघितला नव्हता. ते बॉनेटकडे बघत राहिले. तोंड उघडंच. मग बाजूच्या पत्र्याकडे. सवयीनं अंगठा उचलला, पण नख कोरं होतं, तो तसाच हवेत राहिला.

"हा मी मारला?" ते म्हणाले.



ते आईकडे वळले. "एवढं दिसत नव्हतं मला? आनि तू माज्या शेजारी बसायचीस?"

"मला दिसत होतं ना," आई म्हणाली.

"आनि पोर मागं."

"हां."

 बाबा तिथेच, आंब्याच्या मुळावर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मी धावले, मला वाटलं डोळ्यांना ताण आला. डोळे ठीक होते. त्यांना आत्ता, त्या क्षणी, तो सगळा रस्ता दिसला होता. वळणं, दोन पूल, रस्त्यात बसलेली जनावरं, आणि मागच्या आरशात आठ वर्षांची मुलगी. आम्ही तो होळीच्या दिवशीच बघितला होता. त्यांनी आज पहिल्यांदा बघितला.

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "त्या चार दिवसांत पोरीला मी पाठवलं होतं. आई नको म्हणत होती." हे मी तोवर कोणाकडे बोलले नव्हते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. 

जूनच्या आत बॉनेट पुन्हा रंगवून घेऊ, मीच म्हटलं. आता नजर आलीय, एका दुपारचं काम. पिंपातली किल्लीही मी धुऊन आणली आणि त्यांच्यापुढे धरली, कारण डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं होतं. बाबांनी किल्ली घेतली नाही. माझी मूठ मिटवली आणि म्हणाले, "तू शिक."

मी शिकले. वकीलसाहेबांना सांगून कामाची वेळ पुढे ढकलली, आणि आता सकाळी लेकीला किन्हवलीत सोडून गाडी तिथेच ठेवते आणि पुढची एसटी पकडते. पहिले काही महिने बाबा रोज सोबत आले. मागच्या सीटवर, नातीशेजारी. पुढे आई, पदर डोक्यावरून घेऊन. "डावीकडं म्हैस," ती म्हणायची, आणि मी म्हणायचे, "दिसतेय मला." तिनं तरी सोडलं नाही.

बॉनेट तसंच राहिलं. मी दोनदा विषय काढला, दोन्हीदा बाबा म्हणाले राहू दे. मला वाटलं, कंटाळा. मग एका सकाळी शाळेसमोर गाडी उभी केली, तर त्यांच्या शेडमधला जुना जोडीदार भेटला, हाताखाली रंग शिकलेला. त्यानं बाबांना नमस्कार केला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बॉनेटवर बोट वाजवत विचारलं, "उस्ताद, हे कोनी बिघडवलं?"

चारपाच पालक उभे होते. आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणणारच होते की भंगारातून तसंच आणलंय.

बाबांनी मागची काच खाली केली. "मीच मारला तो रंग," ते म्हणाले. "तवा मला दिसत नव्हतं, नि मी ह्या पोरीला घेऊन गाडी चालवत होतो."

जोडीदार बॉनेटवरचा हात काढून घेऊन उभा राहिला. बाबांनी दार उघडलं, नातीचं दप्तर खांद्यावर घेतलं आणि तिच्या बोटाला धरून तिला फाटकापर्यंत सोडायला गेले.